रिंग येते म्हणजे लाईन चालू

मी सहादू. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं लाइनमन होतो. नाशिक जिल्ह्यात मी चढलो नाही असा एक खांब दाखव, असं मी सुनेला एकदा म्हणालो, तर ती म्हणाली, "बाबा, आधी खांब तरी दाखवा." सुनेचं नाव संजना. ती बँकेत आहे. बँकेला रविवारची सुट्टी असते, तिच्या जिभेला नसते.

तर ज्या माणसाने अख्खा जिल्हा एकमेकांशी जोडून दिला, त्याला ओळीने दोन रविवार आपल्याच तीन मित्रांना जाऊन मिळता आलं नाही. तेही मोबाईलमधल्या एका गेममध्ये. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मला बोलताना मध्ये थांबायला आवडत नाही.

गेमचं नाव रणबेट. चार जणांची टोळी विमानातून छत्री बांधून एका बेटावर उड्या मारते, रिकाम्या घरांत शिरून बंदुका गोळा करते आणि बाकीच्या टोळ्यांना मारून शेवटपर्यंत जगायचं बघते. आमच्या टोळीत देवराम, केरू, लहानू आणि मी. चौघांची वयं मिळवली तर दोनशे सदुसष्ट होतात. चौघंही एकाच खात्यातले. देवराम सिन्नरच्या एक्स्चेंजमध्ये टेस्ट डेस्कवर होता, म्हणजे पंख्याखाली बसून लोकांच्या तक्रारी घ्यायचा आणि आम्हाला उन्हात पळवायचा. केरू त्र्यंबकेश्वरचा, खड्ड्यात उतरून केबल जोडणारा. लहानू नांदगावचा, माझ्यासारखाच लाइनमन, पण अर्थिंगचा वेडा. जगातला कुठलाही बिघाड अर्थिंगमुळे होतो, असं त्याचं ठाम मत आहे. त्यात त्याच्या मेव्हण्याचं मोडलेलं लग्नही आलं.

गेम आणला देवरामने. सुट्टीत त्याची नात आली होती, तिने शिकवला. नात परत गेली, गेम राहिला. मग गेल्या दिवाळीत आम्ही चौघं नाशिकला भेटलो आणि एमजी रोडवरच्या एका दुकानातून चौघांनी एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा फोन घेतला. ही खात्याची सवय. सामान एका बनावटीचं असलं की फॉल्ट एकदाच शिकावा लागतो. प्रत्येकाच्या फोनमध्ये दोन सिमं. पहिल्यात वीस वर्षं जुना नंबर, दुसऱ्यात स्वस्तातलं नेट. घरात वायफाय घ्या म्हणून संजना दोन वर्षं माझ्या मागे लागली आहे. पण ते काचेच्या तारेतून येतं. मी तांब्याचा माणूस. जी तार दाताने सोलता येत नाही तिच्यावर माझा विश्वास नाही.

खेळायची वेळ रविवारी दुपारी चार ते सहा. देवरामने पहिल्याच दिवशी नियम घातले होते, त्यातला मुख्य नियम म्हणजे गेममध्ये घरगुती बोलायचं नाही, चॅनल मोकळा ठेवायचा. टेस्ट डेस्कवरही त्याचा हाच नियम होता. त्यामुळे बेटावर आमचं बोलणं म्हणजे "डावीकडे ये", "गोळ्या दे", "मेलो", एवढंच.

आता बोरस्ते साहेब. साहेब आमचे डिव्हिजनल इंजिनिअर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, गंगापूर रोडला बंगला आहे, बागेत खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीत बसून सही करायला एकही कागद नाही. त्यांचा मेसेज आला की केरू अजूनही उभा राहून वाचतो. आम्ही गेम खेळतो हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी लिहिलं, "सदर खेळात सहभागी होण्याची इच्छा आहे. तूर्त चारही पदे भरलेली असल्याचे समजते. प्रतीक्षा यादीत नाव घ्यावे." देवरामने लगेच लिहिलं, "नोंद घेतली, सर."

म्हणजे चौघांपैकी एक गळाला की साहेब आत. साहेब आत आले की खेळ संपला. ते बेटावर उतरतील आणि पहिली आढावा बैठक घेतील. छत्तीस वर्षं मी त्या माणसाच्या सहीसाठी त्यांच्या दाराबाहेर उभा राहिलो आहे. म्हातारपणी मित्रांमधली माझी जागाही त्यांनाच द्यायची, हे मला मरेपर्यंत मान्य झालं नसतं.

आणि फॉल्ट आला तो नेमका माझ्याच लाईनला.

पहिल्या रविवारी मला दोन मिनिटं उशीर झाला. मी जॉईनचं हिरवं बटण दाबलं. पडद्यावर एक चाक फिरायला लागतं, ते पूर्ण भरलं की तुम्ही टोळीत. चाक निम्मं भरलं आणि केरूचा फोन वाजला. "आलास का रे?" "येतोय." फोन ठेवला, तर पडद्यावर लिहिलेलं, संपर्क तुटला. मी पुन्हा बटण दाबलं. चाक फिरलं. देवरामचा फोन. "लागलं का?" "नाही लागलं." पुन्हा बटण, पुन्हा चाक, लहानूचा फोन. "लागलं का रं?" "नाही." असं करत सहा वाजले. मला फोन करण्यातून वेळ मिळाला तसे ते तिघं बेटावर दोनदा उतरले आणि दोनदा मेले, आणि मी बाहेर बसून राहिलो.

देवरामने त्याच संध्याकाळी ग्रुपवर तक्रार नोंदवून घेतली. तिला नंबर दिला, पुढे लिहिलं, "प्राथमिक तपासणीत फॉल्ट ग्राहकाच्या बाजूला असल्याचे आढळले." छत्तीस वर्षं आम्ही हेच लोकांना सांगत आलो. ग्राहक होऊन ऐकायला किती राग येतो, हे त्या दिवशी मला कळलं.

पण चूक कुठे होती हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात येणं शक्य नव्हतं, त्याला कारण आहे. खात्यातली पहिली शिकवण अशी की दुरुस्ती झाली की टेस्ट डेस्कवरून रिंग मारायची. रिंग आली, माणसाने हॅलो म्हटलं, की लाईन चालू, विषय संपला. खांबावर लटकून मी हजारो वेळा ती रिंग ऐकली आहे. ती आली की जीव भांड्यात पडायचा आणि मग खाली उतरायचं. त्यामुळे माझा फोन वाजत होता म्हणजे माझी लाईन उत्तम होती, यावर आम्हा चौघांचं एकमत होतं. चौघांच्या नोकरीची मिळून दीडशेच्या आसपास वर्षं होतात, त्या अनुभवातून ते आलं होतं.

पुढचा आठवडा उपायांचा. जो तो रोज फोन करायचा, दिवसातून दहा-दहा वेळा. केरू म्हणाला, गच्चीवर जाऊन टॉवरकडे तोंड कर. आमची गच्ची चार मजल्यांवर, लिफ्ट बंद. मी गेलो. बटण दाबलं, चाक फिरलं, केरूचा फोन. "गेलास का वर?" "आलोय." "लागलं का?" "नाही." "मंग तो टॉवर नसंल, दुसऱ्याकडं तोंड कर." त्याच्या त्र्यंबकला श्रावणातल्या सोमवारी सगळा टॉवर भाविकांचा होऊन जातो, हेही त्याने मला सविस्तर सांगितलं. त्याचा माझ्याशी काय संबंध ते सांगितलं नाही.

लहानूचा उपाय ठरलेला. "अर्थिंग बघ."

"अरे, मोबाईलला कसली अर्थिंग?"

"नाय ना? म्हनूनच तर."

मी मूर्ख नाही, पण बुडत्याला काडीचा आधार. खाली माझ्या बायकोने, धोंडाबाईने, कढीपत्त्याचं झाड लावलं आहे, त्याच्या ओल्या मातीत मी अनवाणी पाय रोवून बसलो आणि बटण दाबलं. सोसायटीचा वॉचमन गेणू दोन मिनिटं बघत राहिला. मग त्याने विचारलं, "काका, घरी समद्यांना माहीत हाय ना?" तेवढ्यात लहानूचा फोन आला.

गेमच्या कंपनीलाही मी लिहिलं. उत्तर आलं, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया इंटरनेट तपासा, फोन बंद करून चालू करा, गेम काढून पुन्हा टाका. मी सगळं केलं. गेम काढून पुन्हा टाकल्यावर माझी सगळी हत्यारं गेली आणि वर्षभर मिळवलेला निळा कोट गेला. संजना म्हणाली, "बाबा, निदान वायफाय घेऊन बघू." मी म्हटलं, माझी लाईन चालू आहे, रिंग येते. ती म्हणाली, "रिंग तर भंगारवाल्याच्या सायकललाही येते."

त्या आठवड्यात फोनवर नुसतं "लागलं का" एवढंच थोडं होतं. नाही लागलं म्हटल्यावर माणूस लगेच ठेवत नाही, चार शब्द बोलतो. केरूचा गुडघा बदलायचा आहे आणि तो डॉक्टरला घाबरतो हे मला कळलं. देवरामच्या मुलाने सिन्नरच्या एमआयडीसीतली नोकरी सोडली आहे आणि बापाशी बोलत नाही हे कळलं. लहानूच्या बायकोला, कलाबाईला, दोन पायऱ्या चढल्या की दम लागतो, ती दवाखान्याचं नाव काढू देत नाही, हेही कळलं. वर्षभर आम्ही दर रविवारी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून मेलो होतो, पण यातलं काही मला माहीत नव्हतं. तेव्हा मात्र मी वैतागलो होतो. जेवताना फोन, आंघोळीत फोन. धोंडाबाई म्हणाली, नोकरीत होतात तेव्हाही एवढे वाजत नव्हतात.

दुसरा रविवारही तसाच गेला. सहा वाजून पाच मिनिटांनी बोरस्ते साहेबांचं परिपत्रक आलं. "सलग तीन रविवार गैरहजर राहणाऱ्या सदस्याची जागा रिक्त समजण्यात यावी, असे सुचवावेसे वाटते. हे कोणा एकाला उद्देशून नाही." खाली देवरामचं, "नोंद घेतली, सर." त्याखाली केरूने हात जोडलेले. मला केरूचा फार राग आला. मी त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "अरे, साहेबांनी लिहिलंय, मी काय करू? मी उभा राहून लिवलं ते."

तिसऱ्या रविवारी मी साडेतीनलाच बसलो. धोंडाबाई समोर मेथी निवडत होती आणि संजना कपाटातले कपडे लावत होती. चारला बटण दाबलं, चाक फिरलं, देवरामचा फोन. पुन्हा दाबलं, केरूचा. पुन्हा, लहानूचा. पाच वाजले, साडेपाच वाजले. मित्र मला सोडायला तयार नव्हते, हे खरं. आपला खेळ बाजूला ठेवून ते आळीपाळीने रिंग मारत होते.

पावणेसहाला धोंडाबाईने मेथीची जुडी खाली ठेवली. "मी काय म्हणते, राग नका येऊ देऊ."

"बोल."

"ते चाक फिरतं, भरत येतं, तेवढ्यात तुमचा फोन वाजतो. फोन वाजला की चाक पुन्हा पहिल्यापासून. मघापासून बघतेय मी."

"अगं, फोन वाजतो म्हणजे लाईन चालू आहे."

"मग चाक का थांबतं?"

संजना हातातला शर्ट तसाच घेऊन आली, फोन उलटसुलट करून बघितला आणि खाली बसून हसायला लागली. मग तिने सांगितलं. पहिल्या सिमवर फोन आला की दुसऱ्या सिमचं नेट थांबतं, या फोनची पद्धतच तशी आहे. म्हणजे माझे मित्र मला आत घ्यायला जितका जोर लावत होते तितका मी बाहेर फेकला जात होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चौघं खात्यातले, आणि फॉल्ट सापडला तो बाईला, जिने उभ्या आयुष्यात फोनचं एक बटण दाबलं नाही. मी तिला शाबासकी द्यायला हवी होती. मी म्हटलं, "मला वाटलंच होतं." ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

सहाला दहा मिनिटं कमी होती. समजावून सांगायला वेळ नव्हता. मी ग्रुपवर लिहिलं, "मला कोणीही फोन करू नये." देवरामचं उत्तर लगेच आलं. "नोंद घेतली. सर्व संबंधितांनी पालन करावे."

मी बटण दाबलं. चाक फिरलं, निम्मं भरलं, पुढे गेलं, पूर्ण भरलं, आणि मी विमानात होतो, जुन्या खाकी कपड्यांत, माझ्या तीन मित्रांच्या शेजारी. "आलास?" देवरामचा आवाज आला. "आलो." "डावीकडे उडी मार." मी डावीकडे उडी मारली आणि जमिनीला पाय लागायच्या आधीच मेलो. त्याचं मला काही वाटलं नाही. हजेरी लागली होती. साहेबांनी रात्री लिहिलं, "अभिनंदन. तथापि यापुढे एकही खाडा झाल्यास सुनावणीविना जागा भरण्यात यावी." देवरामने नोंद घेतली.

सोमवारी मी निवांत जेवलो. फोन वाजला नाही. आंघोळ झाली, पेपर झाला, दुपारची झोप झाली. कुणी उठवलं नाही. फार बरं वाटलं. मंगळवारीही बरं वाटलं. बुधवारी मी संजनाला म्हटलं, जरा माझ्या नंबरवर रिंग मार बघू. तिने मारली, वाजला. फोन चांगला होता.

गुरुवारी मी केरूला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. काय विचारणार? लागलं का? लाईन चांगली चालली आहे हे सांगायला छत्तीस वर्षांत मला एकाही ग्राहकाने फोन केला नव्हता. तक्रार मिटली की माणूस लाइनमनला विसरतो, ही जगाची रीत आहे. पण हे तिघं ग्राहक नव्हते. मला वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्याचा रागही आला. तुम्हाला गरज नाही तर मलाही नाही, असं म्हणून मी शुक्रवार आणि शनिवार काढले. धोंडाबाई एकदा म्हणाली, "भांडलात का?" मी म्हटलं, "भांडायला तरी कुणी बोलायला लागतं."

चौथा रविवार. चारला बटण दाबलं, पहिल्या फटक्यात आत. चौघंही वेळेवर. उडी मारली, नीट उतरलो. नदीकाठच्या घरांत शिरून मी एक बंदूक आणि गोळ्यांच्या दोन पट्ट्या गोळा केल्या. खेळ बरा चालला होता. फक्त लहानू हलत नव्हता. तो जिथे उतरला तिथेच, उघड्या माळावर उभा होता.

"लहानू, आडोशाला हो," देवराम म्हणाला.

"व्हय," लहानू म्हणाला. हलला नाही.

"अरे, अर्थिंग शोधतोय तो," केरू म्हणाला. लहानू हसला नाही. अर्थिंगवरून चिडवलं की तो उलट चार शिव्या देतो. त्याच्या बाजूने मागे कसलेतरी आवाज येत होते. चाकं फरशीवरून जात होती, कुणीतरी बाई नाव पुकारत होती.

"लहानू, कुठे आहेस तू?" मी विचारलं.

"हाय हितंच."

"इथंच म्हणजे कुठे? घरी नाहीस का?"

"घरगुती नको," देवराम म्हणाला. "चॅनल मोकळा ठेवा. उत्तरेकडून एक टोळी येतेय."

लहानू गप्प बसला. त्याने उत्तर दिलं असतं, पण टेस्ट डेस्कवरून सूचना आली की गप्प बसायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं आहे. माझ्याही मुरलेलं आहे. मी दोन पावलं नदीकडे गेलो. उत्तरेची टोळी टेकडीवर दिसायला लागली. लहानू तिथेच उभा होता, हातात बंदूकसुद्धा नव्हती.

मला काय होणार ते पक्कं माहीत होतं. फोन लावला की माझं नेट थांबणार, त्याचंही थांबणार, दोघंही बाहेर. एकही खाडा झाल्यास सुनावणी नाही. गंगापूर रोडला बोरस्ते साहेब फोन हातात घेऊन बसलेच असतील. तीन आठवडे मी ज्या जागेसाठी गच्चीवर चढलो आणि मातीत पाय घातले, ती जागा एका रिंगेत जाणार होती.

मी लहानूला फोन लावला. गेमचा पडदा जागीच थिजला. पलीकडे दोनदा रिंग गेली.

"हॅलो," लहानू म्हणाला. मग म्हणाला, "अरं, आता दोघं बी मेलो ना आपन."

"मरू दे. कुठे आहेस?"

"मालेगावला. दवाखान्यात. कलाला मंगळवारी आनलं. हृदयाचं हाय म्हनत्यात. आत ठेवलंय, काचेतून बघू देत्यात दोनदा. मी बाहेर बाकावर हाय."

"मंगळवारपासून?"

"व्हय."

"आणि एकटा?"

"पोरगी येतीय सुरतेहून, उद्या पोचंल."

माझा आवाज चढला. "अरे, मंगळवारपासून तिथे बसला आहेस आणि एक फोन करता आला नाही तुला? गेम खेळायला बरा वेळ मिळाला?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, खुलासा होता. साहेबांनी विचारल्यावर देतात तसा.

"तूच लिवलं व्हतं ना, मला कुनी फोन करू नये. देवरामनं नोंद घ्यायला लावली. मी दोनदा नंबर काढला, पन म्हनलं तुला तरास नको. मंग म्हनलं, रविवार येऊ दे. गेममधी तरी तुमचा आवाज येतो."

माझ्या त्या ओळीत रविवार नव्हता, चार ते सहा नव्हते. घाईत लिहिली होती. आणि ज्यांनी जन्मभर वरून आलेली एकही ओळ "का?" असं विचारलं नाही, त्या तिघांनी ती अक्षरशः पाळली. मी आठवडाभर रुसून बसलो होतो त्यांच्यावर, आणि ते माझा हुकूम पाळत होते. मला माझी लाज वाटली, आणि ती लाज मी कुणावर ढकलू शकत नव्हतो.

"लहानू, चुकलं माझं," मी म्हटलं. "मी सकाळच्या पहिल्या गाडीने मालेगावला येतो. देवराम आणि केरूलाही घेऊन येतो."

"त्यांचा खेळ चाललाय."

"खेळ गेला खड्ड्यात."

नंतर कळलं, त्या वेळी ग्रुपवर सगळं रीतसर पार पडलं होतं. देवरामने लिहिलं होतं, सहादू आणि लहानू खेळ सोडून गेले आहेत, दोन जागा रिक्त. एका मिनिटाच्या आत बोरस्ते साहेबांनी लिहिलं, "रुजू झालो." ते बेटावर उतरले, देवराम आणि केरूला एका झाडाखाली उभं केलं आणि दोन सदस्य का गळाले याचा अहवाल मागितला. उत्तरेच्या टोळीने तिघांनाही तिथेच मारलं. हे सगळं मला केरूने दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलं.

त्या क्षणी मला यातलं काही माहीत नव्हतं. कानात फक्त दवाखान्याच्या चाकांचा आवाज येत होता. धोंडाबाई शेजारी येऊन उभी होती. तिला सगळं कळलं होतं, ती पिशवी भरायला आत गेली.

"जेवलास का?" मी विचारलं.

"सकाळी चा घेतला."

"बाहेर जाऊन काहीतरी खाऊन ये."

"जातो. ठिवू का मंग फोन?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे चालू. खिशात ठेव आणि जा, मी आहे इकडे."

त्याने फोन खिशात ठेवला. कापडाची खसखस झाली, मग जिन्यावरून उतरणारी त्याची पावलं, मग रस्ता, मग एका गाड्यावर त्याने वडापाव मागितलेला. मी पलंगावर बसून सगळं ऐकत राहिलो.